तुमानीचा बूट

बुटांच्या दुकानात एक नवरामुलगा लग्नासाठी बूट बघत होता. तपकिरी, चकचकीत, टोकावर फुलासारखी नक्षी आणि प्रत्येक जोडाच्या कडेने बारीक भोकांची रांग. मोठं एक, छोटी दोन, पुन्हा मोठं एक. मुलाच्या आईने बूट हातात घेतला, उजेडाकडे धरला, नखाने एक भोक दाबून पाहिलं आणि म्हणाली, "अहो, यातून पावसाचं पाणी आत जाईल की." दुकानदाराने न हसता सांगितलं, "मावशी, ते भोक नाही, डिझाइन आहे." विषय संपला, खोकं बांधलं गेलं. खोक्यावर छापलेलं होतं, ब्रोग. बाकावर आपल्या बुटाची नाडी बांधत बसलेल्या माणसाने या व्यवहारात तोंड घालायचं काही कारण नव्हतं, म्हणून घातलं नाही. पण ते वाक्य पुढे बरेच दिवस खडा होऊन टोचत राहिलं. एक तर ती भोकं मुळात पाण्यासाठीच होती, फक्त उलट्या दिशेने. आणि दुसरं, खोक्यावरचा तो शब्द बुटाचा नाहीच. तो तुमानीचा आहे.

भोकांचं आधी सांगतो, कारण त्यांचा लेखी पुरावा आहे आणि तो गमतीदार आहे. जॉन एल्डर नावाच्या एका स्कॉटिश पाद्र्याने 1543 च्या सुमारास इंग्लंडच्या आठव्या हेन्रीला पत्र लिहिलं. त्यात तो सांगतो की आम्ही डोंगराकडचे लोक शिकारीला जातो, लाल हरीण मारतो, तिथल्या तिथे सोलतो आणि कातड्याच्या आतल्या बाजूवर अनवाणी पाय ठेवतो. चांगला चर्मकार गावात नाही, तेव्हा महाराजांच्या परवानगीने आम्हीच चर्मकार होतो. घोट्यापर्यंत वर येईल एवढं कातडं पायाभोवती मापून कापायचं, वरच्या भागाला टोचून भोकं पाडायची म्हणजे आत शिरलेलं पाणी तसंच बाहेर जाईल, आणि त्याच कातड्याची वादी काढून घोट्याच्या वर आवळून बांधायची. झाला बूट. केसाची बाजू बाहेर राहते, म्हणून तुमच्या राज्यात आम्हाला खरबरीत पायाचे स्कॉट म्हणतात, हेही तो जाताजाता सांगून टाकतो. राजाला लिहिलेल्या पत्रात स्वतःच्या पायांची इतकी सविस्तर चौकशी क्वचितच कुणी केली असेल. त्याच्या तर्कात मात्र खोट काढता येत नाही. हायलँडमधली, म्हणजे स्कॉटलंडच्या त्या डोंगराळ भागातली, जमीन म्हणजे ओल धरून बसलेली दलदल आणि मधूनमधून ओढे. तिथे पाणी आत येऊ न देणारा बूट बनवणं कच्च्या कातड्याला शक्यच नव्हतं. मग निदान आलेलं पाणी साठून राहू नये, एवढंच मागायचं.

कच्चं कातडं आणि कमावलेलं चामडं यांत जो फरक आहे तो समजला की या बुटाचा सगळा स्वभाव कळतो. आपल्याकडे कोल्हापुरी चपलेचं चामडं हिरडा आणि बाभळीच्या सालीच्या पाण्यात मुरवतात. त्या कषायाने कातड्यातले तंतू एकमेकांपासून सुटे राहतात, म्हणून वाळलं तरी चामडं वाकतं, आणि नवी चपल चावत असेल तर तेल पाजून तिला नमवता येतं. हरणाच्या त्या कातड्यावर असला कुठलाच संस्कार झालेला नसतो. ओलं असेतो ते मऊ, जवळजवळ पायाची दुसरी त्वचा. वाळलं की तंतू चिकटून बसतात आणि फळीसारखं कडक होतं, कडा सुरीसारख्या लागतात, वादी आक्रसून घोटा कापते. म्हणून हे बूट मुद्दाम ओले ठेवायचे असतात. आयर्लंडच्या पश्चिमेच्या ॲरन बेटांवर असेच, गाईच्या कातड्याचे बूट विसावं शतक उजाडल्यावरही वापरात होते. तिथे त्यांना पँपूटी म्हणत. रात्री काढले की पाण्याच्या भांड्यात ठेवायचे आणि दिवसा काम करता करता मधेच समुद्राच्या लाटेत पाय बुडवून यायचं. फार ओलं राहिलं की कुजतं, फार वाळलं की कापतं. भोक अगदी काठाला पाडलं तर ओलं कातडं वादीच्या ताणाने फाटत जातं. फार आत पाडलं तर कातड्याच्या चुण्या पायाच्या पाठीवर गोळा होतात आणि चालताना तिथेच सोलतं. आणि वास? वासाबद्दल एल्डर हेन्रीला काही लिहीत नाही.

अशा बुटाला गेलिकमध्ये, म्हणजे आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या जुन्या भाषेत, म्हणतात ब्रोग.

आयर्लंडच्या गेलिकमध्येही ब्रोग, स्कॉटलंडच्या गेलिकमध्येही ब्रोगच, फक्त तिथला ओकार जरा जास्त पसरट. आज हा शब्द शाळेच्या काळ्या बुटापासून फुटबॉलच्या बुटापर्यंत कशालाही चालतो. स्कॉटिश गेलिकमध्ये एका निळ्या रानफुलालासुद्धा 'कोकिळेचा बूट' म्हणतात, तोच शब्द वापरून. इतका घरचा, इतका मुरलेला शब्द की तो बाहेरून आला असेल असा संशयही येऊ नये. पण अलेक्झांडर मॅकबेनचा 1896 सालचा गेलिक व्युत्पत्तिकोश उघडला की मुखवटा गळतो. ब्रोग, बूट. जुन्या आयरिशमध्ये कंबरेखालच्या निरनिराळ्या कपड्यांच्या नावांत जोडून येतो. मूळ नॉर्स, म्हणजे वायकिंगांच्या भाषेतला, ब्रोक, किंवा जुन्या इंग्रजीतला त्याचाच भाऊ. अर्थ, तुमान. आणि त्याच कोशात, थोडंसं अलीकडे, आणखी एक नोंद आहे. ब्रिगिश, म्हणजे पँट. स्कॉट्स भाषेतल्या (गेलिक नव्हे, स्कॉटलंडमधली इंग्रजीची सख्खी बहीण) ब्रीक्सवरून आलेला. स्कॉट्स ब्रीक्स हा जुन्या इंग्रजी ब्रोकच्या अनेकवचनाचा नातू. म्हणजे एकाच घराण्यातले दोन शब्द गेलिकमध्ये वेगवेगळ्या शतकांत, वेगवेगळ्या दारांनी आले. थोरला पायात जाऊन बसला, धाकटा कंबरेला. आज एखादा गेलिक माणूस सकाळी आधी ब्रिगिश चढवतो, मग ब्रोग, आणि एकच शब्द दोनदा घालतोय हे त्याच्या गावीही नसतं.

नॉर्स लोकांची ब्रोक मात्र नि:संशय तुमान होती. या शब्दातली एक बारीक गोष्ट महत्त्वाची आहे. ब्रोक हे एकवचन, आणि काटेकोरपणे पाहिलं तर त्याचा अर्थ तुमानीचा एक पाय. पूर्ण तुमानीसाठी अनेकवचन वापरायचं. इंग्रजीत पँट अजूनही अनेकवचनी का असते, याचं उत्तर याच गल्लीत सापडतं. पाय दोन, म्हणून नग दोन. या तुमानी तिथल्या कथांमध्ये केवढं राजकारण करतात! आइसलँडच्या लाक्सदाल खोऱ्याच्या सागामध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या गद्य कथेमध्ये, आउद नावाची बाई आहे. ती पुरुषांसारखी बैठकीला कळी लावलेली तुमान घालते, म्हणून तिला सगळे ब्रोका-आउद म्हणतात आणि तेवढ्या कारणावर तिचा नवरा तिला सोडतो. (घटस्फोटाची ही युक्ती त्याला सुचवणारी दुसरीच एक बाई असते आणि पुढे तो तिच्याशीच लग्न करतो, हे ओघाने आलंच.) मालिका बघणाऱ्यांना रॅग्नार लोथब्रोक ठाऊक असतो. त्याच्या नावातला उत्तरार्ध हीच तुमान. लोथब्रोक म्हणजे केसाळ तुमानवाला. विषारी सापाशी लढायला जाण्यापूर्वी त्याने केसाळ कातड्याचे कपडे शिवून घेतले आणि ते डांबरात उकळवले, अशी कथा आहे. डांबरात उकळलेल्या त्या तुमानीत बसायचं कसं, हा प्रश्न सागाकाराला पडलेला दिसत नाही. आजच्या नॉर्वेत रोजच्या पँटला बुक्से म्हणतात. तो शब्द खालच्या जर्मनीतून आला आणि त्याच्या मुळाशी बोकडाचं कातडं आहे. जुनी ब्रोक बोलीभाषांत आणि त्यांच्यावरून घडवलेल्या नीनॉर्स्क या लेखी नॉर्वेजियनमध्ये टिकून आहे, आजीच्या पेटीतल्या लुगड्यासारखी.

मग तुमानीचा बूट कसा झाला? माणसं काही इतकी बावळट नसतात की शेजाऱ्याने मांडीकडे बोट दाखवावं आणि आपण घोटा समजावं.

एक दुवा शिवणकामात आहे. नॉर्स भाषेत लाइस्ताब्रोक असा एक जोडशब्द भेटतो. म्हणजे खाली मोजे शिवून टाकलेली तुमान. लहान बाळांना थंडीत घालतात तसला प्रकार, पण मोठ्या दाढीवाल्या माणसांसाठी. असली तुमान प्रत्यक्षात सापडलीही आहे. श्लेस्विगमधल्या थोर्सबेर्गच्या दलदलीत 1858 पासून काही वर्षं उत्खनन झालं. इसवीच्या पहिल्या काही शतकांत लोकांनी तिथे देवाला वाहिलेल्या वस्तूंमध्ये एक लोकरी तुमान निघाली. कंबरेला पट्टा ओवायला लूप, बैठकीला वेगळा तुकडा, आणि खाली पायाच्या आकाराचे पंजे शिवलेले. दलदलीतल्या आंबट पाण्यात लोकर शाबूत राहते म्हणून ही चैन. ती वायकिंगांच्या कितीतरी आधीची आहे, तेव्हा हाच कपडा आयर्लंडला पोचला असं कुणी म्हणणार नाही. पण एवढं दिसतं की त्या लोकांच्या डोक्यात पायाचं पांघरूण कंबरेपासून अंगठ्यापर्यंत सलग होतं. कुठे थांबायचं ते शिंप्यावर.

दुसरा दुवा मला जास्त पटतो आणि तो मराठी माणसाला कळायला सगळ्यात सोपा आहे. इंग्रजीत घोट्याखालचं एक आणि घोट्यावरचं एक, असे दोन शब्द आहेत. मराठीत पाय म्हणजे पाय. पाय मुरगळला तर घोटा, पाय मोडला तर नडगी, पायावर पाय टाकून बसला तर मांडी, पाया पडला तर पाऊल. कुठला भाग ते ज्याचं त्याला कळतं. गेलिकमधला कास हा शब्द असाच आहे, पाऊलही तोच आणि अख्खा पायही तोच. जुन्या नॉर्समधला फोत्रसुद्धा तसाच ऐसपैस. दोन्ही काठांवर पाय हा असा अखंड होता, म्हणून 'पायात घालायचं ते' या नावाचा शब्द होडीतून उतरताना मांडीवरून घोट्यावर घसरला तर त्यात नवल नाही. आपल्याकडे असं घडलेलं आहेच. फारसीत मोजा म्हणजे बूट, घोडेस्वाराचा चांगला उंच बूट. मराठीत येईपर्यंत त्याचं चामडं गळून गेलं आणि उरला सुती मोजा, बुटाच्या आत घालायचा. अरबी इजार म्हणजे कंबरेला गुंडाळायचं नुसतं वस्त्र, ते फारसीच्या वाटेने येऊन आपल्याकडे दोन पायांची विजार झालं. कपड्याचे शब्द असे पायावर खालीवर करत राहतात, सैल नाडीच्या लेंग्यासारखे.

पण या सगळ्या घसरणीत एक माणूस असा आहे की ज्याची आठवण झाल्याशिवाय ब्रोग हा शब्द आता वाचता येत नाही. मॅग्नस ओलाफसन, नॉर्वेचा राजा, जन्म 1073. 1098 मध्ये तो आरमार घेऊन पश्चिमेला आला. ऑर्कनी, हेब्रिडीज, आयल ऑफ मॅन, एकेक बेट घेत गेला. स्कॉटलंडच्या राजाशी ठरलं की ज्या भूभागाला सुकाणू लावलेल्या होडीतून प्रदक्षिणा घालता येईल तो मॅग्नसचा. मॅग्नसला किंटायर हवा होता, आणि किंटायर बेट नाही, मुख्य भूमीला चिंचोळ्या मानेने जोडलेलं आहे. त्याने होडीत सुकाणू धरून बसकण मारली आणि माणसांकडून होडी त्या मानेवरून ओढून नेली. किंटायर बेट ठरलं. पेशवाईतल्या कारकुनाला शोभेल असा हा मसलतीचा नमुना. मुद्दा पुढे आहे. आइसलँडचा जुना इतिहासकार स्नॉरी स्टुर्लुसन लिहितो की पश्चिमेकडून परतल्यावर राजा आणि त्याची बरीच माणसं तिकडच्या पद्धतीचे कपडे घालू लागली. आखूड अंगरखा, वरून झूल, आणि रस्त्याने उघड्या पायांनी फिरायचं. त्यावरून त्याचं नाव पडलं मॅग्नस बेरफेत्र. इंग्रजीत त्याला सरळ अनवाणी करून टाकलेलं आहे आणि मराठीत कुणी लिहिलं की तेही बिचाऱ्याचे जोडे काढून घेतात. पण स्नॉरी नडग्यांबद्दल बोलतोय. त्या नावाचं दुसरं रूप आहे बेरबेन, उघड्या तंगडीचा. राजाने बूट सोडले नव्हते, तुमान सोडली होती. (डॅनिश इतिहासकार सॅक्सोच्या मते तो स्वीडिश हल्ल्यातून बूट न घालता पळाला म्हणून हे नाव. डॅनिश माणसाने नॉर्वेच्या राजाबद्दल याहून बरं लिहावं अशी अपेक्षाही नाही.) मराठीतलं 'उघड्या पायांचा' हे दोन्ही अर्थ अगदी अलगद झेलतं.

म्हणजे पाहा. नॉर्सांची ब्रोक गेलिकांच्या पायात उतरून बूट होते. आणि नॉर्सांचा राजा गेलिकांचं बघून ब्रोक उतरवून ठेवतो.

अर्थात हे एका दिवशी, एका बाजारात झालं नाही. मॅग्नसच्या आधी दोनअडीचशे वर्षं ही माणसं त्या किनाऱ्यावर राहत होती, लग्नं करत होती, गुरं चोरत होती. ब्रोक तेव्हाच कधीतरी पोचलेली असणार. मॅग्नसचा शेवटही गुरांपायीच झाला. 1103 च्या ऑगस्टमध्ये अल्स्टरच्या किनाऱ्यावर तो परतीच्या प्रवासासाठी लागणाऱ्या गुरांची वाट पाहत थांबला होता. गुरं आली, पण मागोमाग दलदलीतून आयरिश सैन्यही आलं. स्नॉरी जखम नेमकी सांगतो. भाला दोन्ही मांड्यांतून आरपार, गुडघ्यांच्या वर. राजाने पायांमधला दांडा धरून मोडला, जोराने चला म्हणून सोबत्यांना ओरडून सांगितलं, आणि मग मानेवर कुऱ्हाड बसली. वय तिशीचं. मांडीवर जाड लोकरी ब्रोक असती तरी भाला थांबला नसता, हे उघड आहे. तरी तो वार नेमका तिथेच बसावा, हे वाचताना थांबायला होतं.

आता आवाजाकडे. क चा ग कसा झाला, हे मराठी कानाला समजावणं फार सोपं आहे, कारण आपण लहानपणापासून क आणि ख वेगळे ऐकतो. स्कॉटिश गेलिकमध्ये ब आणि प यांतला फरक आपल्या ब-प सारखा नाही, तो आपल्या प-फ सारखा आहे. लिहायचं ब, पण कंठ थरथरत नाही, ऐकू येतो जवळजवळ प. लिहायचं प, आणि बाहेर पडतो हवेचा झोत असलेला फ. ग आणि क यांचंही तेच. शिवाय स्वरानंतर क आला तर त्याच्या आधी घशातून एक खरखर येते, मुलगा या अर्थाचा माक हा शब्द तिथे माख्क होतो. त्यामुळे नॉर्स माणसाचा साधा, कोरडा क ऐकला की गेलिक कानाला तो आपल्या ग सारखाच वाटायचा. पुरावा नकाशावर पसरलेला आहे. नॉर्स वीक म्हणजे खाडी, वायकिंग या शब्दाशी नेहमी जोडली जाते तीच. स्काय आणि लुईस बेटांवर तिचं झालं ऊइग. किनाऱ्यावरच्या मॅलेगच्या शेपटातही तीच खाडी आहे. वीकची ऊइग होते, तर ब्रोकचा ब्रोग होणारच. आणि गंमत अशी की लुईसमधल्या एखाद्या म्हातारीने ब्रोग हा शब्द उच्चारला तर मराठी माणूस कागदावर 'प्रॉक' लिहून घेईल. हजार वर्षांनी शब्द लिपीत बदललेला, पण कानाला पुन्हा जवळपास नॉर्स.

याच्याही मागे जायचं तर रोमन लोकांपर्यंत जाता येतं. ते स्वतः तुमान घालत नसत आणि घालणाऱ्यांना रानटी समजत. आल्प्सपलीकडच्या गॉलच्या, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या, एका प्रदेशाला त्यांनी नावच दिलं होतं, ब्राका घालणारा गॉल. ब्राका हा शब्द त्यांनी गॉलकडून घेतला आणि गॉल केल्टिक, म्हणजे गेलिकचेच दूरचे चुलते. मग हा शब्द मुळात केल्टिकच होता आणि गेलिकने आपलीच वस्तू नॉर्सांकडून परत घेतली, असं म्हणायचा मोह होतो. पण मधे व्यंजन आडवं येतं. जर्मानिक भाषांत, म्हणजे जर्मन, इंग्रजी, नॉर्स यांच्या घराण्यात, मूळ ग चा क होतो, केल्टिकमध्ये ग चा ग च राहतो. ज्या मुळाशी हा शब्द सहसा जोडतात त्याच्या शेवटी ग आहे. तेव्हा गॉलच्या ब्राकामधला क हा जर्मानिक शेजाऱ्याकडून आणलेला असावा, असं बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. एका अक्षराने मालकी ठरवायची, हा भाषाशास्त्रातला सातबारा.

आणि नवा शब्द आला म्हणून जुना मेला, असंही झालं नाही. जुन्या आयरिशमध्ये वादीसाठी ईल हा शब्द होता. तो आज आयरिशमध्ये बुटाची नाडी होऊन राहिला आहे, ईल ब्रोगे. पाहुणा पायात, घरचा माणूस पाहुण्याला आवळून धरायला. कुआरान हा आणखी एक जुना शब्द, तो हळूहळू त्या ओबडधोबड कच्च्या जोड्यापुरता उरला. आपल्याकडे वहाण हा उपानह् या संस्कृत शब्दाचा वंशज म्हणींत आणि अभंगांत मान राखून आहे, पण दुकानात जाऊन कुणी 'सहा नंबरची वहाण दाखवा' म्हणत नाही. गेलिकची आणखी एक खोड या शब्दाला छान चिकटली. तिथे जोडीतल्या एकाला अर्धा म्हणतात. एक डोळा म्हणजे अर्धा-डोळा, एक बूट म्हणजे अर्धा-बूट, ले-व्रोग. आयर्लंडच्या गोष्टींतला लेप्रेकॉन हा ठेंगू नेहमी एकच बूट शिवत बसलेला दिसतो, म्हणून लोकांनी त्याच्या नावाचा अर्थच लावून टाकला, एका बुटाचा कारागीर. खरं नाव लुखोर्पान, म्हणजे छोटुकल्या देहाचा. चुकीची व्युत्पत्ती, पण बूट शिवणाऱ्याला हातात बूट आयता मिळाला. इंग्रजीत आयरिश माणसाच्या हेल काढून बोलण्यालाही ब्रोग म्हणतात. तो याच बुटावरून की जिभेवरची पकड या अर्थाच्या बारोग या दुसऱ्या आयरिश शब्दावरून, हे भांडण अजून मिटलेलं नाही. तोंडात बूट घालून बोलल्यासारखं, ही कल्पना चांगली आहे म्हणूनच जरा संशयास्पद वाटते.

इंग्रजीची तर या प्रकरणात फारच मजा झाली. आपल्या घरच्या ब्रोकचं त्यांनी अनेकवचन केलं, मग त्या अनेकवचनाला पुन्हा अनेकवचनाचा प्रत्यय लावला. दरम्यान मूळ शब्द मांडीवरून मागे सरकून बैठकीवर जाऊन बसला. प्रसूतिगृहात डॉक्टर 'बाळ ब्रीच आहे' म्हणतात ती हीच नॉर्स तुमानीची चुलतबहीण. आपल्याकडे पायाकडून जन्मलेल्याला पायाळू म्हणतात, तिकडे बुडाकडून येणाऱ्याला तुमानवाला. आणि आज सगळं जग वापरतं तो ट्राउझर हा शब्द इंग्रजांनी कुणाकडून घेतला? गेलिकांकडून. त्रिऊस. म्हणजे गेलिकांनी तुमानीचा शब्द घेऊन बूट केला आणि स्वतःच्या तुमानीचा शब्द इंग्रजांना देऊन टाकला. मग थंडी वाजली तेव्हा स्कॉट्सकडून ब्रीक्स उसनी आणली.

एक म्हण आठवते. तात्पुरत्या सोयीपायी पुढे पस्तावणाऱ्याबद्दल नॉर्वेत म्हणतात, ऊब यावी म्हणून पँटमध्ये मुतणं. आइसलँडमध्ये हीच म्हण आहे, पण तिथे पँट नाही, बूट आहे. बुटात मुतण्याची ऊब थोडा वेळच टिकते. दोन्ही भाषा एकाच जुन्या नॉर्सच्या मुली, ब्रोगशी यांचा काडीचा संबंध नाही, शब्दही वेगळे. तरी मांडी की घोटा हा गोंधळ इथेही हजर.

दुकानातला तो बूट मात्र या सगळ्यापासून फार दूर आलेला होता. आजच्या ब्रोगमधली भोकं चामड्याचे तुकडे शिवण्याआधीच पाडतात. वरच्या तुकड्याची कड आधी करवतीच्या दातांसारखी कापायची, मग छिद्रणीने मोठं-छोटं अशी रांग काढायची आणि रांगेच्या दोन्ही बाजूंनी शिलाई घालायची. भोकं कडेला फार चिकटली तर शिलाई आणि भोक यांच्यामधली पट्टी काही महिन्यांत उसवते. खाली दुसरं चामडं किंवा अस्तर असतंच, त्यामुळे पाणी आतही जात नाही आणि बाहेरही येत नाही. पुण्यामुंबईत या बुटाला खरा धोका पाण्याचा नाहीच, पॉलिशचा आहे. मेण त्या भोकांत जाऊन बसतं आणि वाळून पांढरट ठिपके दिसू लागतात. पॉलिश थोडंच घ्यावं, आधी कोरड्या मऊ ब्रशने भोकं झाडावी, अडकलेलं मेण लाकडी टूथपिकने उकरावं, सुईने नव्हे. पावसाळ्यात वर्तमानपत्राचे बोळे आत कोंबून सावलीत वाळवावा, नाहीतर भोकाभोकात बुरशी धरते. जुन्या घडणीच्या जवळचा म्हणता येईल असा एकच प्रकार आज मिळतो, गिली ब्रोग. त्याला जीभ नसते, पायाची पाठ उघडी राहते आणि लांब नाडी घोट्याभोवती गुंडाळून बांधतात, चिखलात रुतला तरी बूट पायातून निघू नये म्हणून. स्कॉटलंडमध्ये तो आता मुख्यतः लग्नात घालतात. किल्टबरोबर, म्हणजे तिकडच्या पुरुषांच्या चुण्यांच्या घागऱ्याबरोबर.

म्हणजे खाली ब्रोग, आणि वर ब्रोक नाही. मॅग्नसला ओळखीचं वाटलं असतं.

त्या मावशींनी जाताजाता खोकं उघडून बूट पुन्हा एकदा पाहिला होता. मुलगा कार्डाने पैसे देत होता. त्यांनी पर्समधून सेफ्टी पिन काढली, टोकावरच्या फुलातल्या मधल्या भोकात घातली, आत कुठे अडते ते बघितलं आणि समाधान झाल्यासारखी पिन परत पदराला लावली.